कुणी किती शिकायचं? : एम स्ट्रीटवरच्या शाळेची गोष्ट

दहावीच्या निकालाला अजून महिना होता, तरी आमच्या वर्गशिक्षकांच्या वहीत आमची यादी तयार होती. कोण सायन्सला, कोण कॉमर्सला, कोण आयटीआयला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘आयटीआय, शिवणकाम’. माझे वडील तालुक्याच्या गावात एका कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसायचे. सर म्हणाले, “घरात मशीन आहेच. वडिलांना हातभार लागेल.” बोलताना ते अगदी मायेनं बोलत होते. पुढे कित्येक वर्षं मला तीच माया टोचत राहिली.

संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं. त्यांनी पायडल काही थांबवलं नाही. “मशीन चालवायला मी आहे की,” म्हणाले. “तुला काय शिकायचंय ते तू सांग.”

मी गणितात बी.एस्सी. केलं, पुढे सॉफ्टवेअरमध्ये आले. काही वर्षांपूर्वी कंपनीनं तीन महिन्यांसाठी व्हर्जिनियाला पाठवलं. नदी ओलांडली की वॉशिंग्टन. सगळे सहकारी रविवारी संग्रहालयं बघायला जायचे, तशी मीही गेले. पण माझ्या यादीत एक वेगळा पत्ता होता. कॉलेजात असताना मी युफेमिया हेन्स यांच्याबद्दल वाचलं होतं. गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. त्यांच्या शाळेचं नाव होतं एम स्ट्रीट हायस्कूल. शाळा कधीच बंद झाली, पण इमारत अजून उभी आहे एवढं मला ठाऊक होतं.

मेट्रोच्या नोमा स्टेशनवर उतरून मी पश्चिमेला चालत गेले. नॉर्थ कॅपिटल स्ट्रीट ओलांडली की थोड्याच अंतरावर विटांची जुनी, उंच खिडक्यांची इमारत. आसपास काचेच्या नव्या बिल्डिंगा. रविवार असल्यामुळे दार बंद होतं. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून फोनवर वाचत बसले, आणि तिथून या गोष्टीत शिरले ती अजून बाहेर आलेली नाही.

तळघरातले चार जण

एप्रिल १८६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं राजधानीतली गुलामगिरी कायद्यानं बंद केली. लिंकनचा प्रसिद्ध मुक्तिजाहीरनामा लागू व्हायला अजून आठ महिने होते. गंमत म्हणजे नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. एका गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांच्या हाती घामाचं काहीच आलं नाही. पण त्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची तरतूद त्याच वर्षी झाली. यादवी युद्ध संपेपर्यंत दक्षिणेकडून हजारो मुक्त झालेली माणसं या शहरात येऊन राहिली होती.

नोव्हेंबर १८७० मध्ये फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात एक शाळा भरू लागली. नाव लांबलचक होतं : प्रिपरेटरी हायस्कूल फॉर कलर्ड यूथ. पहिल्या वर्गात विद्यार्थी चार. कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी खर्चानं चालणारं हे अमेरिकेतलं पहिलं हायस्कूल. ते उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांत विल्यम सायफॅक्स पुढे होते. त्यांचा स्वतःचा जन्म गुलामगिरीतला.

चार मुलांच्या शाळेला स्वतःची जागा कुठली? तळघरातून स्टीव्हन्स स्कूलमध्ये, तिथून समनर स्कूलमध्ये, तिथून मायनर बिल्डिंगमध्ये, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ही शाळा वीस वर्षं फिरली. १८७७ साली तिची पहिली बॅच बाहेर पडली. १८९१ साली अखेर एम स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळाली आणि लोक तिला एम स्ट्रीट हायस्कूल म्हणू लागले.

सुरुवातीपासूनच मुख्याध्यापकांची निवड पाहिली की या लोकांच्या मनात काय होतं ते कळतं. मेरी जेन पॅटरसन १८७१ मध्ये आल्या. त्या १८६२ साली ओबरलिन कॉलेजातून बी.ए. झालेल्या. अमेरिकेत ही पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. मध्ये एक वर्ष रिचर्ड ग्रीनर होते. ते हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. म्हणजे जेमतेम लिहा-वाचायला शिकवायला काढलेली ही शाळा नव्हती. आपल्या मुलांना जे सर्वांत वरचं तेच मिळालं पाहिजे, असा तिचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता.

इथे आपल्याकडची एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. ही शाळा तळघरातून समनर स्कूलमध्ये आली त्याच सुमारास, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. लहानपणी जोतीरावांचीही शाळा सुटली होती. वडिलांनी त्यांना काढून बागेच्या कामाला लावलं होतं. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून ते पुन्हा शाळेत गेले. मुलानं किती शिकायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं, ही गोष्ट काही एका देशाची नाही.

डॉक्टरेट झालेले मास्तर

एम स्ट्रीटवर लॅटिन होतं, ग्रीक होतं, गणित, विज्ञान, फ्रेंच, जर्मन होतं. आणि शिकवणारे कोण? ज्यांना खरं तर विद्यापीठात असायला हवं होतं असे लोक.

कार्टर वुडसन यांचं उदाहरण घ्या. आई-वडील गुलामगिरीत जन्मलेले, तरुणपणी त्यांनी स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेलं. १९१२ साली त्यांनी हार्वर्डमधून इतिहासात पीएच.डी. मिळवली. त्या वेळी ते एम स्ट्रीटवर मुलांना शिकवत होते, आणि डॉक्टर झाल्यावरही शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांतच शिकवत राहिले. आज अमेरिकेत फेब्रुवारीत जो कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना पाळतात, त्याची सुरुवात याच वुडसननी १९२६ साली एका सप्ताहानं केली. जेसी फॉसेट कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या. त्या इथे फ्रेंच आणि लॅटिन शिकवायच्या. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्या कादंबरीकार झाल्या, ‘क्रायसिस’ मासिकाच्या साहित्य संपादक झाल्या.

असे लोक हायस्कूलमध्ये का थांबले? उत्तर कडू आहे. गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना प्राध्यापक म्हणून घ्यायला तयारच नव्हती. कृष्णवर्णीयांची कॉलेजं थोडी आणि गरीब. त्यात वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना पगार सारखा होता. दक्षिणेतल्या शहरांत असं स्वप्नातही नव्हतं. म्हणून देशभरातले हुशार लोक या एका शाळेच्या दाराशी येऊन थांबायचे. सगळ्या वाटा बंद असल्यामुळे ही शाळा समृद्ध झाली होती.

निकालही तसेच लागत होते. १८९९ साली शहरातल्या चारही हायस्कूलांची एक सामाईक परीक्षा झाली. तीन शाळा गोऱ्यांच्या, चौथी एम स्ट्रीट. गोऱ्यांच्या तीनपैकी दोन शाळा एम स्ट्रीटच्या मागे पडल्या.

हे वाचून मला फुटपाथवर उभ्या उभ्या आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण इथेच थांबलं तर गोष्ट अर्धी राहते. त्या काळी हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलंच मुळात थोडी. शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील सरकारी कारकून, शिक्षक, पाद्री यांच्यातले. खुद्द कृष्णवर्णीयांमध्येही उजळ रंगाला वेगळा मान होता. नॅनी हेलन बरोज १८९६ साली इथून उत्तम गुणांनी पास झाल्या. त्यांना शहरातच शिक्षिका व्हायचं होतं. नोकरी मिळाली नाही. त्यांचा रंग फार गडद होता आणि घराणं मोठं नव्हतं, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. पुढे १९०९ साली त्यांनी याच शहरात मोलमजुरी करणाऱ्या मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. एका दाराशी अडवलेल्या माणसांनी आपल्या घरात आणखी एक दार घालून ठेवलं होतं, हेही सांगायलाच हवं.

ग्रीकच्या वर्गातली मुलगी

आता या गोष्टीतल्या माझ्या सर्वांत लाडक्या बाई. ॲना ज्युलिया कूपर.

१८५८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात त्या जन्मल्या तेव्हा त्यांची आई गुलाम होती. वडील बहुधा आईचा मालकच. युद्धानंतर गावात मुक्त झालेल्यांसाठी शाळा निघाली, त्यात ही मुलगी दाखल झाली. तिथे ग्रीकचा वर्ग फक्त मुलांसाठी होता, कारण मुलं पुढे पाद्री होणार. मुलींना ग्रीक काय करायचंय? या मुलीनं वाद घातला आणि वर्गात जाऊन बसली. पुढे त्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याशी तिचं लग्न झालं, आणि दोनच वर्षांत ती विधवा झाली. मग ती ओबरलिनला गेली, गणितात पदव्या घेतल्या आणि १८८७ साली वॉशिंग्टनला शिकवायला आली. १८९२ साली त्यांचं ‘अ व्हॉइस फ्रॉम द साउथ’ हे पुस्तक आलं. कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा विचार मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणून ते आजही वाचतात.

१९०२ साली कूपरबाई एम स्ट्रीटच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत इथली मुलं हार्वर्ड, येल, ब्राउन, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशा कॉलेजांत जाऊ लागली. १९०३ साली फेलिक्स क्लाइन नावाचे फ्रेंच धर्मगुरू अमेरिका पाहायला आले होते. ते कूपरबाईंच्या लॅटिनच्या तासाला बसले. गुलामांची नातवंडं व्हर्जिलचं महाकाव्य मुळातून वाचत होती, समजून अर्थ सांगत होती. क्लाइन चकित झाले आणि त्यांनी आपल्या प्रवासाच्या पुस्तकात तसं लिहून ठेवलं.

शहरातल्या काही लोकांना मात्र हेच खुपत होतं.

व्हर्जिल की वीटकाम?

त्या काळात कृष्णवर्णीय समाजात एक मोठा वाद चालू होता. एका बाजूला बुकर टी. वॉशिंग्टन. हेही गुलामगिरीत जन्मलेले. अलाबामात टस्कीगीला त्यांनी १८८१ पासून शाळा उभी केली होती. विद्यार्थी स्वतः विटा पाडायचे, त्याच विटांनी शाळेच्या इमारती बांधायचे. शेती, सुतारकाम, शिवणकाम शिकायचे. बुकर टी. सांगत, आधी हाताला कसब येऊ द्या, चार पैसे येऊ द्या, मान मागाहून मिळेल. गोऱ्या उद्योगपतींना हे फार पटलं. त्यांनी टस्कीगीला भरभरून देणग्या दिल्या. दुसऱ्या बाजूला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. त्यांचं म्हणणं, ज्या समाजाला उच्च शिक्षणापासून तोडलं जातं त्याला मग पुढारी मिळणार कुठून?

बुकर टी.ना सरसकट खलनायक करणं मला जमत नाही. माझ्या घरचं पोट मशीनवर चाललं. काजं कशी करायची, बाही कशी बसवायची, हे ज्ञानच आहे. कूपरबाईंचाही हातकामाला विरोध नव्हता. ज्याला जे जमतं, आवडतं ते त्यानं शिकावं, असंच त्या म्हणत. १९०२ सालीच शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी आर्मस्ट्राँग मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल सुरू झालं होतं, आणि ते हवंच होतं. भांडण दुसऱ्याच गोष्टीचं होतं. मुलाचा रंग बघून त्याचा अभ्यासक्रम आधीच ठरवायचा का? ‘ह्यांना’ लॅटिन कशाला, असा प्रश्न फक्त ‘ह्यांच्याच’ बाबतीत का पडतो?

शहराच्या हायस्कूलांचे गोरे संचालक पर्सी ह्यूजेस यांना एम स्ट्रीटचा अभ्यासक्रम सौम्य करायचा होता. कूपरबाईंनी नकार दिला. मग चौकशी लागली. आरोप कसले? शाळेत शिस्त नाही. मुलं सिगारेट ओढतात, दारू पितात. ठरवून दिलेली पुस्तकं वापरत नाहीत. कच्च्या मुलांना फार सांभाळून घेतात. हा शेवटचा आरोप मी दोनदा वाचला. जिची शाळा हार्वर्डला मुलं पाठवते तिच्यावर आरोप की ती कच्च्या मुलांना सोडत नाही! शिवाय जे बाईमाणसाच्या वाट्याला येतंच तेही आलं. त्यांच्याच घरी वाढलेल्या एका तरुण सहशिक्षकाशी त्यांचं नाव जोडलं गेलं. वर्तमानपत्रांनी मिटक्या मारत बातम्या छापल्या. १९०६ साली त्यांची पुन्हा नेमणूक झाली नाही.

कूपरबाई मिसुरीला जाऊन एका कॉलेजात शिकवत राहिल्या. आणि १९१० साली परत आल्या. त्याच एम स्ट्रीटवर, साध्या लॅटिन शिक्षिका म्हणून. जिथे मुख्याध्यापिका होतो तिथे रोज सकाळी दुसऱ्याच्या हाताखाली जाऊन उभं राहायचं! मी हे करू शकले असते का, ठाऊक नाही. पुढे पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी नात्यातली पाच लहान मुलं सांभाळायला घेतली, आणि ती वाढवता वाढवताच पॅरिसच्या सोरबॉनमधून डॉक्टरेट केली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सची गुलामगिरीबद्दलची भूमिका काय होती, यावर त्यांनी फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. वर्ष १९२५, वय सहासष्ट. १९३० मध्ये निवृत्त झाल्यावर दिवसभर काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या रात्रीच्या शाळेची जबाबदारी त्यांनी घेतली. शाळेला जागा राहिली नाही तेव्हा वर्ग स्वतःच्या घरात भरवले. १९६४ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्या गेल्या.

जिंकलेल्या लढाईची किंमत

१९१६ साली शाळा जवळच नव्या, मोठ्या इमारतीत गेली आणि कवी पॉल लॉरेन्स डनबर यांचं नाव तिला मिळालं. एम स्ट्रीट हायस्कूल हे नाव तिथे संपलं. जुन्या इमारतीत लहान वर्गांच्या शाळा भरत राहिल्या. डनबरनं मात्र जुना वारसा चालवला. रक्तपेढ्यांचा पाया घालणारे डॉ. चार्ल्स ड्रू, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले पहिले कृष्णवर्णीय मंत्री रॉबर्ट वीव्हर, सिनेटर एडवर्ड ब्रुक, सगळे डनबरचे.

एम स्ट्रीटच्या १९११ च्या बॅचमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. तो ॲमहर्स्टला गेला. पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी झाला. तिथे गोऱ्या सैनिकांनी कृष्णवर्णीयांना दिलेली वागणूक पाहून त्यानं ठरवलं, कायदा शिकायचा. हार्वर्डला शिकून तो हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचा प्रमुख झाला आणि त्यानं वकिलांची एक फौजच तयार केली. थरगूड मार्शल त्याचे विद्यार्थी. वेगळ्या शाळांचा कायदा एकेका खटल्यानं कसा पोखरायचा, याची आखणी ह्यूस्टनची.

खुद्द राजधानीतली लढाई १९४७ साली एका न्हाव्यानं सुरू केली. गार्डनर बिशप यांची मुलगी ज्या शाळेत होती ती इतकी भरलेली की मुलं पाळीनं शिकायची. गोऱ्यांच्या शाळांत बाकं रिकामी. पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. बिशप ह्यूस्टनकडे गेले आणि ह्यूस्टननी त्यांची वकिली घेतली. पण १९५० मध्ये ह्यूस्टन गेले. वय फक्त चौपन्न. जाण्यापूर्वी त्यांनी बिशपना जेम्स नॅब्रिट या सहकाऱ्याकडे सोपवलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात बिशप अकरा कृष्णवर्णीय मुलांना घेऊन गोऱ्यांसाठी बांधलेल्या कोऱ्या करकरीत सूसा ज्युनियर हायस्कूलच्या दारात गेले. मुलांना परत पाठवलं गेलं. त्यातून खटला उभा राहिला : बोलिंग विरुद्ध शार्प. १७ मे १९५४ रोजी, ‘ब्राउन’ खटल्याच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. राजधानीतल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या.

म्हणजे एम स्ट्रीटवर शिकलेल्या मुलानं आखलेल्या लढाईनं एम स्ट्रीटसारखी शाळा असण्याचं कारणच संपवलं. डनबरमध्ये आधी साऱ्या शहरातून मुलं यायची, आता ती फक्त आपल्या वस्तीची शाळा झाली. जे विद्वान पूर्वी नाइलाजानं हायस्कूलला शिकवायचे त्यांना हळूहळू विद्यापीठांची दारं उघडली. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत गेली. डनबरचा दर्जा घसरला. १९७७ मध्ये तिची ती १९१६ ची इमारत, जुने विद्यार्थी विरोध करत असतानाही पाडली गेली.

यावर काही लोक हळहळतात, ‘तेव्हा बरं होतं.’ मला ती हळहळ समजते, पण पटत नाही. वुडसनसारखा इतिहासकार हायस्कूलमध्ये अडकून राहिला हा मुलांचा फायदा होता, वुडसनचा नव्हता. एका चांगल्या शाळेसाठी साऱ्या समाजाला कोंडून ठेवायचं का? चूक कोंडी फोडण्यात नव्हती. कोंडी फुटल्यावर, त्या शाळेला जे साधलं होतं ते साऱ्या शाळांत कसं आणायचं, याची तयारी कुणी केली नाही. आणि जी तयारी केली गेली ती उलट्या दिशेची होती.

पुन्हा वही

शाळा एकत्र झाल्या, आणि १९५६ पासून वॉशिंग्टनच्या हायस्कूलांत ‘ट्रॅक’ आले. मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आणि त्यांना चार रांगांत बसवायचं. सर्वांत वर ऑनर्स, मग कॉलेजला जाणारे, मग सर्वसाधारण, आणि तळाला बेसिक. कागदावर रंगाचा उल्लेख नव्हता. पण तळाच्या रांगेत मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय मुलं दिसत होती. एकदा खालच्या रांगेत बसलं की वर येणं मुश्किल, कारण वर जायला जे शिकावं लागतं ते खाली शिकवतच नव्हते.

याविरुद्ध जे सतत बोलत राहिले त्यांत होत्या शिक्षण मंडळाच्या सदस्य डॉ. युफेमिया हेन्स. हो, त्याच. माझ्या गणितातल्या बाई. त्या एम स्ट्रीटच्या १९०७ च्या बॅचच्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थिनी. म्हणजे कूपरबाईंची चौकशी झाली, त्यांना घालवलं, ते सारं घडलं तेव्हा ही मुलगी त्याच इमारतीत शिकत होती. पुढे तिनं सत्तेचाळीस वर्षं शहराच्या शाळांत शिकवलं, त्यातच १९४३ साली गणितात पीएच.डी. केली. १९६६ मध्ये हेन्स शिक्षण मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. १९६७ च्या जूनमध्ये ‘हॉब्सन विरुद्ध हॅन्सन’ खटल्यात न्यायाधीश स्केली राइट यांनी ट्रॅक पद्धत मोडीत काढली. ती ज्यांनी आणली होती ते शाळाप्रमुख कार्ल हॅन्सन यांनी राजीनामा दिला.

साठ वर्षांनी का होईना, कूपरबाईंच्या एका विद्यार्थिनीनं त्यांचा वाद पुढे नेला होता.

मी त्या बंद दारासमोरून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात रात्र झाली होती, पण ते जागे होते. इमारत दाखवली. कसली शाळा, विचारलं त्यांनी. जमेल तसं सांगितलं. चार रांगांबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तिकडंही सरांची वही होती तर.”

त्या वहीत माझ्यासोबत आणखी एका मैत्रिणीचं नाव होतं. तिच्यापुढेही शिवणकामच लिहिलं होतं. ती गेली आयटीआयला. आज तिचं स्वतःचं बुटीक आहे, दोन बायका तिच्याकडे कामाला आहेत, माझ्यापेक्षा ती सुखी असेलही. भारतात परतल्यावर मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. ती ब्लाउजचं कापड कापत होती. म्हणाली, “मला इतिहास आवडायचा. बी.ए. करायचं होतं.”

आम्ही एका बाकावर बसायचो. सरांनी तिला विचारलं नव्हतं, पण मीही कधी विचारलं नव्हतं.